अण्णांचे एटीएम कार्ड कोणाच्या कपाटात?

आमच्या शाखेत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ येत असत. हातातल्या पिशवीत रबराने बांधलेला पासबुकांचा गठ्ठा आणि तेवढीच एटीएम कार्डे. अपंगांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका निवासी संस्थेचे ते व्यवस्थापक. पासबुके आमच्या काउंटरवर भरून घ्यायची, मग बाहेरच्या मशीनसमोर उभे राहून एकेक कार्ड घालायचे आणि सगळ्यांची पेन्शन काढायची, असा त्यांचा क्रम. प्रत्येक कार्डाच्या पाकिटावर पेन्सिलीने पिन लिहिलेला असे. बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला यात काय चुकते आहे ते पहिल्याच दिवशी दिसायला हवे होते. आम्हाला मात्र कौतुक वाटायचे. एवढ्या लोकांची कामे एकटा माणूस करतो म्हणून आम्ही त्यांना रांगेतून पुढे घेत असू.

२०१८च्या जूनमध्ये त्या गठ्ठ्यात एक पासबुक वाढले. ते आमच्या आतेभावाचे होते.

आतेभाऊ म्हणजे अण्णा. २००१च्या मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर घराची कौले परतताना ते छपरावरून मागच्या परसात पडले. पाठीचा कणा मोडला. वय सत्तावीस. आधी बेळगावात, मग मिरजेत उपचार झाले, पण कमरेखाली संवेदना राहिली नाही. लघवी-संडासवर ताबा नाही. हात मजबूत, डोके शाबूत आणि तोंड तर त्याहून शाबूत. सतरा वर्षे आत्याने त्यांचे सगळे केले. आत्या चौऱ्याहत्तरीला पोचली, तिचे गुडघे गेले, आणि एका सकाळी अण्णांना कॉटवरून खुर्चीत घेताना मायलेक दोघेही खाली आले. गल्लीतली माणसे येईपर्यंत अर्धा तास दोघे फरशीवर पडून होते. त्यानंतर घरात बैठक झाली आणि संस्था शोधायचे ठरले.

शोधायचे म्हणजे आम्ही काय केले? जागा आहे का, महिना किती, अनामत किती, हे विचारले. जाऊन पाहिले तर व्हरांडा स्वच्छ, फिनेलचा वास, दारात तुळस, भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. ‘बरी दिसते’ म्हणत परत आलो. अण्णांना नेऊन जागा दाखवावी, तिथे आधीपासून राहणाऱ्या एखाद्याशी त्यांना बोलू द्यावे, हे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. आजकाल स्थळ बघतानासुद्धा मुलीला विचारतात. इथे पंचेचाळीस नाही म्हटले तरी चव्वेचाळीस वर्षांच्या पुरुषाचे उरलेले आयुष्य कुठे जाणार हे आम्ही चहाच्या कपावर ठरवले.

ते पासबुक पाहिल्यावर पुढच्या रविवारी आम्ही अण्णांना विचारले, “कार्ड तुम्ही होऊन दिलंत काय?”

“द्यावंच लागतंय. दाखल होताना फॉर्मबरोबर घेतात. ऑफिसच्या कपाटात असतंय.”

“आणि पैसे लागले तर?”

“लागले तर कशाला लागले ते सांगायचं.”

त्या कपाटातला एक पैसाही कोणी खाल्ला असे आम्ही म्हणत नाही. हिशेब चोख असेलही. पण दाढीचे ब्लेड, मोबाईलचे रिचार्ज, भाचीला द्यायचे शंभर रुपये यासाठी ज्याला दुसऱ्यापुढे कारण मांडावे लागते तो माणूस खातेदार उरतो का? २०१६ साली संसदेने केलेला आणि एप्रिल २०१७पासून लागू झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा याविषयी गुळमुळीत बोलत नाही. मालमत्ता बाळगण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार आपल्या ताब्यात ठेवण्याचा हक्क अपंग माणसाला इतरांइतकाच आहे, असे त्याचे तेरावे कलम सांगते. शरीराने अपंग असलेल्या प्रौढाला पालक लागत नाही. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, हाताचा नसेल तर पायाचा चालतो. ओळख पटवायला दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार माणूस. नोव्हेंबर २०१७मध्ये तर रिझर्व्ह बँकेने सत्तरीपुढच्या आणि अपंग खातेदारांना घरी जाऊन सेवा द्यावी असे सगळ्या बँकांना कळवले. ते परिपत्रक आमच्याही शाखेत आले. आम्हीच ते फाईलला लावले. त्या व्यवस्थापकांना मात्र ते कधी दाखवले नाही, हे कबूल केलेले बरे. (आमच्या शाखेला त्या वेळी तीन पायऱ्या होत्या आणि उतार नव्हता, हेही जाता जाता.)

पैशाची गोष्ट आम्ही आधी सांगितली, कारण ती आमच्या धंद्यातली. याहून मोठी गोष्ट पाठीवर लिहिलेली होती.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि संस्थेने भेटी बंद केल्या. ते योग्यच होते. फोनवर अण्णा “बरं आहे” म्हणायचे. नोव्हेंबरमध्ये आम्हाला आत सोडले तेव्हा खोलीत एक वास होता. माकडहाडाच्या जागी तळहाताएवढी जखम, आत हाड दिसत होते. ज्याला कमरेखाली काही कळत नाही त्याला जखम होतानाही कळत नाही. अंथरुणावर असलेल्या अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. खुर्चीत बसलेला असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी त्याने हातांवर जोर देऊन बूड उचलायचे असते. खुर्चीत चांगली गादी लागते. कातडी रोज पाहावी लागते, मागचे दिसत नाही म्हणून आरसा घेऊन किंवा दुसऱ्याने पाहून. यात औषध नाही, मशीन नाही, डॉक्टरही नाही. रात्री दोन वाजता, चार वाजता उठून कूस बदलणारा एक माणूस लागतो, बस्स. त्या संस्थेत रात्री एकच मदतनीस होता आणि त्याच्यावर दोन मजले होते. त्याच्यावर राग धरून काय उपयोग? पहाटे पाचला तोच चहा करायचा.

आणि पाणी. ही गोष्ट अण्णांनी आम्हाला पुष्कळ उशिरा सांगितली. लघवीची पिशवी वारंवार रिकामी करावी लागू नये म्हणून संध्याकाळी पाचनंतर तिथे पाणी देताना हात आखडता घेत. कोणी तसा नियम केलेला नव्हता, माणसे कमी होती म्हणून तशी रीत पडली होती. पाणी कमी म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग, संसर्ग म्हणजे ताप, ताप आला की दवाखाना. कणा मोडलेल्या माणसाला जपायचे ते याच दोन गोष्टींत, कातडी आणि लघवी. स्वच्छ व्हरांड्यावरून यातले काहीच कळत नाही.

आता जरा अवघड बोलतो. वाचकांनी रागावू नये, कारण यात आम्ही स्वतः आहोत.

आपल्या जुन्या घरांत एक चांगली चाल आहे. वडिलांचे वर्षश्राद्ध, मुलाचा पहिला वाढदिवस, मुलीचा दहावीचा निकाल, काहीही असो, आपण एखाद्या आश्रमात एक वेळचे जेवण देतो. आमच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला आम्हीही दिले होते, अण्णा तिथे जाण्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या एका संस्थेत. मसालेभात, जिलबी, पुरी-भाजी. सगळ्यांना खुर्च्यांसकट ओळीत बसवले, आमच्या हाताने वाढले, फोटो काढला. तो फोटो अजून आमच्या दिवाणखान्यात आहे. पुढे अण्णांनी दुसऱ्या बाजूची हकिगत सांगितली. डिसेंबर-जानेवारीत आठवड्यातून चार-चार दिवस जिलबी. केक कापायला लोक साडेसातऐवजी नऊला येत, तोवर सगळे ओळीत बसून. बसून बसून पाठ लागते ते वेगळेच. पाहुणे टाळ्या वाजवायला सांगत, वाजवायच्या. “मी पन्नाशीला आलोय आणि चार वर्षांच्या पोराच्या वाढदिवसाची टोपी घालून बसलोय,” हे अण्णांचे वाक्य. त्यांना मधुमेहही आहे, हे कोणी विचारले नव्हते.

जेवणाला देणगीदार मिळतो, पंख्याला मिळतो, कारण पंख्याच्या पात्यावर नाव घालता येते. रात्रपाळीच्या माणसाच्या पगाराला देणगीदार मिळत नाही. संस्थाचालकांशी आम्ही पुढे बोललो तेव्हा त्यांनी हेच सांगितले, आणि त्यात खोटे काही नव्हते. कोठीत तांदूळ किडे पडेपर्यंत होता आणि मदतनिसाचे दोन महिन्यांचे वेतन थकले होते.

भाषेचा मुद्दा या पत्रिकेत यायलाच हवा, आणि तो सरळ सांगितला पाहिजे. तिथले फॉर्म, नियमांची पाटी, डॉक्टरांचा कागद सगळे कानडीत. अण्णांना कानडी बोलता येते, वाचता येत नाही. दाखल होताना कशावर सही केली ते त्यांना माहीत नव्हते. एटीएम कार्डाची अट त्यातच होती. मराठीतून कागदपत्रे मिळावीत म्हणून आपण इतकी वर्षे निवेदने देत आहोत. त्या यादीत सात-बारा असतो, बसची पाटी असते, महापालिकेची बिले असतात. ज्या कागदावर माणूस आपले राहणे दुसऱ्याच्या हाती सोपवतो तो कागद त्या यादीत अजून आलेला नाही. पण हेही लिहिले पाहिजे की तिथे अण्णांची सर्वांत चांगली देखभाल ज्या बाईने केली तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. गोकाककडची होती. जखम पहिल्यांदा तिनेच पाहिली आणि ऑफिसात सांगितली. ती सोडून गेली ती पगारामुळे.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. कायद्यात बरेच आहे. याच २०१६च्या कायद्याच्या पन्नासाव्या कलमाप्रमाणे नोंदणीचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय अपंगांसाठी संस्था चालवता येत नाही, आणि ते प्रमाणपत्र राज्याने ठरवलेल्या सोयी-दर्जाची खात्री पटल्यावरच द्यायचे आहे. अटी मोडल्या तर ते रद्दही होते. राज्यात अपंगांसाठी आयुक्त आहेत, त्यांच्याकडे तक्रार करता येते. त्याहून महत्त्वाचे पाचवे कलम. कोणालाही अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती होऊ नये, आणि घरी, संस्थेत वा समाजात राहण्यासाठी लागणारी मदत, मदतनिसासकट, मिळावी यासाठी सरकारने झटावे, असे ते म्हणते. हे २००७ साली भारताने मान्य केलेल्या राष्ट्रसंघाच्या करारातून आले. फार मदत लागणाऱ्यांना काळजीवाहक भत्ता द्यावा असाही उल्लेख कायद्यात आहे. आणि दुसरीकडे केंद्राची अपंग पेन्शन पाहा. दारिद्र्यरेषेखालच्या, ऐंशी टक्के अपंग माणसाला केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. २०१२पासून तोच आकडा आहे. राज्ये आपली भर घालतात, पण मोठ्या माणसाच्या डायपरचे भाव ज्यांना माहीत आहेत त्यांना आम्ही काय सांगणार? आयकरात ऐंशी टक्क्यांवर अपंगत्व असलेल्या अवलंबिताबद्दल सव्वा लाखाची वजावट आहे, तीही जुनी करपद्धत घेणाऱ्यालाच. आणि अवलंबितांत भाऊ-बहीण येतात, आतेभाऊ येत नाही. नात्यांची ही व्याख्या आपल्या एकत्र कुटुंबात वाढलेल्याने केलेली दिसत नाही.

राहणाऱ्याचे ऐकले की काय बदलते याचा एक दाखला परदेशातला आहे, पण त्याचे एक टोक आपल्याकडेही येते. लेनर्ड चेशायर या ब्रिटिश वैमानिकाने १९४८ साली हॅम्पशायरमधल्या ‘ल कोर्ट’ या आपल्या वाड्यात आजाऱ्यांना ठेवायला सुरुवात केली. त्यातून निघालेली चेशायर होम्स पुढच्या दशकात मुंबईलाही आली. त्याच ल कोर्टमध्ये पॉल हंट नावाचा, स्नायूंच्या आजाराने खुर्चीत बसलेला तरुण राहत असे. कधी झोपावे, कधी उठावे हे आपले आपण ठरवू आणि कारभारात आमची माणसे घ्या, यासाठी तिथले रहिवासी झगडले. १९७२मध्ये हंटने ‘गार्डियन’ वृत्तपत्राला पत्र लिहून अशा संस्थांत अडकलेल्यांना एकत्र यायला सांगितले आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. तो १९७९ साली वारला. पण त्यानंतरच्या काही वर्षांत ल कोर्टमधल्या काही जणांनी असा हिशेब मांडला की आम्हाला इथे ठेवण्यासाठी सरकार जे पैसे भरते तेच आम्हाला द्या, आम्ही आपले घर घेऊन मदतनीस स्वतः नेमतो. आणि ते खरोखर बाहेर पडले. वाणिज्य शाखेच्या माणसाला हा हिशेब लगेच पटतो. खर्च तोच, फक्त मालक बदलला.

आपल्याकडे असे काही नाही असे मात्र नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक सोळाव्या वर्षी खुर्चीत बसल्या, नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. संस्था काढणारा स्वतः खुर्चीत असला की न्हाणीघराचे दार किती रुंद हवे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. खडकीला कणा मोडलेल्या जवानांसाठी लष्कराचे केंद्र आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या गावात, तेव्हा खडकीचे नाव इथल्या माजी सैनिकांना नवे नाही. जवानाचा कणा मोडला तर देश त्याला घर देतो, ते त्याचे देणेच आहे. कौले परतताना पडलेल्याला कोण देतो?

२०२१च्या अखेरीस जखम भरल्यावर अण्णा सीमेपलीकडच्या एका वसतिगृहात गेले. या वेळी ते स्वतः पाहून आले. दोघांची खोली, दाराला आतून कडी, कार्ड स्वतःच्या खिशात. दोन दुकानांचे हिशेब ते संगणकावर लिहून देतात. पण इकडे पडताळणीला माणूस आला, पत्त्यावर अण्णा सापडले नाहीत, पेन्शन बंद झाली. तिकडची मागावी तर तिकडच्या रहिवासाची वर्षे भरत नाहीत. अपंगत्वाचे प्रमाणपत्र देशभर चालते असे कायदा म्हणतो. त्या प्रमाणपत्रावर मिळणारे पैसे मात्र सीमेवर अडतात. २०२३मध्ये महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना देऊ केली, तेव्हा इकडे केवढे रण माजले ते आपण पाहिले. त्या योजनेत शस्त्रक्रिया होती. शस्त्रक्रियेनंतर जो माणूस चाळीस वर्षे जगतो, त्याच्या राहण्याचा विषय आपल्याही नेत्यांनी काढला नाही. काळ्या दिनाला आपण हजारोंनी रस्त्यावर येतो. त्या फेरीत आम्ही आजवर चाकाची खुर्ची पाहिलेली नाही. आपल्या मंडळाच्या सभागृहालाही पाच पायऱ्या आहेत.

आमचे मागणे मोठे नाही. मंडळाने पाच जणांची एक समिती करावी, त्यांत निदान दोघे स्वतः अपंग असावेत. शहरात आणि तालुक्यात जिथे जिथे आपली माणसे राहतात तिथे तीन महिन्यांतून एकदा, वाढदिवस नसलेल्या दिवशी जावे, शक्यतो रात्री जेवणानंतर. रात्रपाळीला किती जण असतात, नोंदणीचे प्रमाणपत्र आहे का, गेल्या वर्षात किती जणांची पाठ लागली, हे चालकांना विचारावे. कार्ड कोणाकडे आहे हे मात्र राहणाऱ्यालाच विचारावे, चालक बाजूला असताना. नवीन दाखल होणाऱ्याला फॉर्म मराठीत वाचून दाखवावा. आणि यंदा अन्नदानासाठी जे पैसे जमतील त्यांतून एका मदतनिसाचा वर्षाचा पगार भरावा. पावतीवर हवे तर वडिलांचे नाव घालू. ज्या संस्थेविषयी वर लिहिले तिथूनच सुरुवात करायला आमची हरकत नाही. तिचे चालक आम्हाला शत्रू वाटत नाहीत आणि त्यांनी या म्हटले आहे.

पहिली भेट गणपतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी. अण्णा सणाला घरी येणार आहेत, तेही येतो म्हणतात. ज्यांच्याकडे मागचे दार पूर्ण उघडणारी व्हॅन असेल त्यांनी मंडळाच्या कचेरीत कळवावे. अण्णांची खुर्ची २६ इंच रुंद आहे आणि ती घडी होत नाही.